खड्ड्यातला फिरता नळ

मला किळस लवकर येते. सासरी आल्यावर पहिल्याच आठवड्यात हे सगळ्या गल्लीला कळलं, आणि त्याला कारण झाला नळाचा खड्डा. मी जळगावात वाढले. तिथे आमच्या घरी नळ भिंतीत होता, कमरेएवढ्या उंचीवर, चारचौघांच्या घरात असतो तसा. चाळीसगाव आणि धुळ्याच्या मधल्या या गावात नळ जमिनीखाली असतो आणि तो बघायला दारातली फरशी उचलावी लागते, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. घर बघायला आलो होतो तेव्हा त्या फरशीवर रांगोळी काढलेली होती.

त्याचं असं आहे, की आमच्या गल्लीला चढ आहे आणि पाण्याला जोर नाही. आठवड्यातून एकदा, दुपारच्या वेळी, तासभर पाणी येतं. नळ जितका खाली तितकं पाणी जास्त पडतं, म्हणून कधीकाळी कुणीतरी दारापुढे हातभर खणलं. ते बघून शेजाऱ्यानं दीड हात खणलं. आता प्रत्येक दारात कमरेएवढा खड्डा आहे आणि त्याच्या तळाशी पाइपाचं तोंड. पाणी आलं की बाईनं साडी खोचून आत उतरायचं, पाइपात बूच म्हणून कोंबलेलं दाणे काढलेलं मक्याचं कणीस उपसायचं, प्लास्टिकची नळी चढवायची आणि सायकलच्या ट्यूबच्या पट्टीनं आवळायची. पुरुष काठावर उभे राहून सूचना करतात.

एवढ्यावर भागलं असतं तर मी गप्प बसले असते. पण गटार खड्ड्याला खेटून आहे आणि ते पाझरतं. सात दिवस पाइपाचं तोंड त्या काळ्या पाण्यात बुडालेलं असतं. पाणी बंद होताना लाइन उलटी ओढते, आणि ज्याचं कणीस सैल असेल त्याच्या खड्ड्यातला गाळ आत जातो. पुढच्या आठवड्यात तोच गाळ सगळ्यांच्या हंड्यात. एकदा माझ्या कळशीत केसांचा गुंता आला. एकदा कुणाच्या तरी ताटातला भात आला, फुगून पांढराफटक झालेला. पहिल्या वेळी तर मी खड्ड्यातच ओकले आणि ते मलाच उपसावं लागलं. शेजारणी पदर तोंडाला लावून हसल्या. "शहरनी पोर शे, तिले सवय नही," एक म्हणाली. नवऱ्याचंही तेच, होईल सवय. तो रोज सकाळच्या गाडीनं चाळीसगावला कामाला जातो, पाणी येतं तेव्हा तो कधीच घरी नसतो. त्याला सवय करून घ्यायची गरजच पडली नाही.

त्या दिवशी हसली नाही अशी एकच बाई होती. चढाच्या सगळ्यात वरच्या टोकाला एकट्या राहणाऱ्या अक्का. सत्तरीच्या पुढच्या. त्यांनी कापराची वडी माझ्या पदराच्या टोकाला बांधून दिली. "दम धर व बाई. हाई नाकवर ठेव, मंग उतर," म्हणाल्या. सासरी आल्यावर मला कुणी काही शिकवलं असेल तर ते एवढंच.

गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात अक्का पाण्यानंच आजारी पडल्या. जुलाब काही थांबेनात. आठ दिवस दवाखान्यात सलाईनवर काढले आणि घरी आल्या त्या पार वाळून. डॉक्टरांनी सांगितलं, पाणी उकळून प्या. उकळलेल्या गटाराला काय म्हणायचं हे त्यांनी सांगितलं नाही. अक्कांचे गुडघेही गेले. खड्ड्यात उतरणं बंद झालं, म्हणून पाण्याच्या दिवशी मी आधी त्यांच्या खड्ड्यात उतरायची आणि मग धावत येऊन माझ्या. दोन खड्ड्यांची घाण अंगाला लावून मी आंघोळीला बसायची आणि आंघोळीचं पाणीही तेच.

त्या दिवाळीला माहेरी गेले तेव्हा जळगावच्या बाजारात नळीचा फिरता जॉइंट दिसला. प्लास्टिकचा, निळा. नळीला पीळ पडत नाही, हवी तिकडे वळवा, असं दुकानदार म्हणाला. आणून अक्कांच्या पाइपाला लावला. तिसऱ्या पाण्याला तो काडकन मोडला. ते तुकडे घेऊन मी गल्लीच्या तोंडाशी राहणाऱ्या मिस्त्रीचाचांकडे गेले.

चाचांचं पत्र्याच्या शेडमध्ये लेथ मशीन आहे. आसपासच्या कापूसवाल्यांचे फवारणीचे पंप, मोटारींचे बुश, सगळं त्यांच्याकडेच येतं. तुकडे हातात घेऊन ते म्हणाले, "हे खेळणं आहे, ताई. चला, खड्डा दाखवा." आयुष्य याच गल्लीत काढलेला माणूस, पण खड्ड्यात वाकून बघायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती. त्यांच्या घरीही ते काम बायकाच करतात. रुमाल नाकाला लावून त्यांनी बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, "पाणी येतं तेव्हा नळ खाली हवा, हे समजलं. बाकीचा आठवडाभर तो तिथे कशाला बुडवून ठेवता?"

इतकी साधी गोष्ट. गल्लीत इंजिनिअर झालेली तीन पोरं आहेत, त्यांच्यातल्या एकालाही हे सुचलं नव्हतं. मलाही नव्हतं. मी फक्त नाक मुरडत होते.

चाचांनी पितळेचे दोन तुकडे केले. एक खालच्या पाइपाला घट्ट बसणारा, दुसरा त्याच्यात शिरून फिरणारा, मध्ये रबराची रिंग. फिरणाऱ्या तुकड्याला छातीएवढा लांब पाइप. पाणी नसेल तेव्हा तो पाइप उभा करून ठेवायचा, म्हणजे तोंड पार ओट्यापर्यंत वर येतं आणि त्यावर झाकण बसतं. पाणी आलं की धार लागेपर्यंत हळूहळू खाली वाकवायचा. नळीच्या टोकालाही तसाच एक छोटा फिरता जॉइंट, म्हणजे नळीला पीळ पडत नाही. पहिला नमुना गळला. दुसरा इतका घट्ट झाला की अक्कांच्या हातानं हलेना. तिसऱ्याला चाचांनी रिंगेची खाच जरा सैल केली, आणि अक्कांनी ओट्यावर बसल्या बसल्या दोन बोटांनी पाइप खाली केला.

आणि चाचांनी त्यात एक खीळ बसवली होती, करंगळीच्या नखाएवढी. पाइप रस्त्याच्या पातळीपर्यंत आला की तिला अडतो, त्याच्या खाली जात नाही. मी विचारलं कशाला, तर म्हणाले, "खाली गटाराचं पाणी आहे म्हणून. आणि सगळ्यांचे नळ सारखे राहिले तर वरपर्यंत पाणी चढेल, ताई."

महिन्याभरात गल्लीतल्या प्रत्येक घरानं तसा नळ करून घेतला. धार बारीक झाली, हे खरं. पण पाणी स्वच्छ यायला लागलं आणि अक्कांच्या टोकापर्यंत चढायलाही लागलं. मी आयुष्यात पहिल्यांदा या गावचं पाणी नाकाशी न नेता प्याले. खड्डे बुजवून टाकू, असं मी दारोदार सांगत फिरले. सगळ्या हो हो म्हणाल्या आणि एकीनंही बुजवला नाही. तेव्हाच मला समजायला हवं होतं.

दिवाळीनंतर चार महिने झाले असतील. उताराकडच्या एका घराच्या फरशीवर मला पिवळा भुगा दिसला. हळद सांडली असेल असं वाटलं. बोट लावून बघितलं तर पितळ. कानस मारून खीळ काढली होती आणि नळ थेट खड्ड्याच्या तळाशी नेला होता. पुढच्या पाण्याला शेजारच्या घरात तेच. मग समोरच्या घरात. एक एक करत चढाच्या दिशेनं ते वर आलं. मी भांडायला गेले. म्हटलं, अक्कांना पुरेसं पाणी मिळत नाही, लाज वाटते का? तर उत्तर तयार होतं. "आमना घरमा माणसं जास्त शेतस. अक्काले एकटीले कितलं पानी लागस?" आणि एकदा खाली नेलेला नळ पुन्हा वर उचलायचेही कष्ट कुणी घेईना. चाचांच्या त्या सुंदर नळांची तोंडं पुन्हा काळ्या पाण्यात लोळायला लागली. एका घरात तर पुन्हा मक्याचं कणीस आलं.

मला त्या बायकांची शिसारी आली. त्यांच्या घरचा चहासुद्धा घ्यायचा नाही असं मी ठरवलं. हळदीकुंकवाला गेले नाही.

आणि मग माझ्या नळाला करंगळीएवढी धार उरली. एक हंडा भरायला अर्धा तास. दुसऱ्या आठवड्यात तेवढीही नाही. तेव्हा मी नवऱ्याच्या अवजारांच्या पेटीतून कानस काढली. चारच बोटं खाली न्यायचा, असं मनाशी म्हणत होते. पितळ मऊ असतं. फार वेळ लागत नाही. भुगा मी ओल्या फडक्यानं पुसून घेतला, फरशीच्या फटींतूनसुद्धा, आणि फडकं चुलीत टाकलं. चार बोटांनी भागलं नाही, तेव्हा हातभर खाली नेला. पाणी झालं की मी तो वर उचलून ठेवते, झाकण लावते. इतरांसारखी घाणेरडी मी नाही, असं मला तेव्हा खरंच वाटत होतं.

काही दिवसांनी चाचा दारावरून जाताना थांबले. उभ्या केलेल्या नळाकडे त्यांनी वाकून बघितलं, खीळ होती त्या जागी अंगठा फिरवला. "बोथट कानस वापरली, ताई. माझ्याकडून न्यायची," एवढंच बोलले. त्यानंतर ते माझ्याशी कामापुरतंच बोलतात.

गेल्या आठवड्याच्या पाण्याला अक्का हंडा घेऊन चढ उतरून माझ्या दारी आल्या. भिंतीला हात लावत, दोनदा बसत. दोन आठवडे त्यांच्या नळाला थेंब नव्हता. "मना नळ कसा चकचकीत शे, दख ना. पन पानी नही येस," त्या म्हणाल्या. त्यांच्या खिळीला कुणी हात लावला नव्हता. तुम्हीही काढून टाका की, असं मी म्हटलं. मला तेवढंच सुचलं. अक्कांनी मान हलवली. "मिस्त्रीनी लावेल शे, ती काय उगाच?"

माझी नळी जोरात वाहत होती. त्यांनी हंडा लावला, ओंजळभर पाणी घेऊन वास घेतला. "वास येस. पन पानी शे ना." मग खड्ड्याच्या काठाशी टेकून बसल्या आणि धारेकडे बघत म्हणाल्या, "तुना नळले जोर शे व बाई. तुनं नशीब चांगलं शे."

मी "हो" म्हणाले.

भरलेला हंडा मीच चढावर नेऊन दिला. निघणार तर त्यांनी हाताला धरून बसवलं. दोन आठवड्यांत घरात आलेलं ते पहिलं पाणी, त्यातलं त्यांनी आधी माझ्यासाठी चहाला ठेवलं. चहालाही तो वास होता. मी कप संपवला, छान झालाय म्हणाले, आणि काल पाणी आलं तेव्हा माझा नळ पुन्हा हातभर खाली नेला.