रुमालाखालची चार बोटं

चाळीसगावचा तितूर फुटबॉल क्लब मी बुडवला. सरकारनं नाही, आणि धुळ्याच्या साहेबांनी तर मुळीच नाही. मी फसवलं — क्लबला, त्या साहेबांना, आणि शिंदखेड्याहून पैसे बांधून आलेल्या एका म्हाताऱ्या व्यापाऱ्याला. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. ओळखीच्या माणसापुढं जीभ उचलत नाही.

मी दलाल. शाळा चौथीत सुटली आणि गुरांच्या बाजारात उभा राहिलो. पुढं कापूस, मग लाकूड, मग जुनं लोखंड — ज्याचा सौदा होतो ते सगळं विकलं. दोन मजली घर बांधलं ते बोलण्याच्या जोरावर. राग मात्र कायम नाकावर. तो कधी ताब्यात आला नाही, आणि खरं सांगायचं तर मी आणलाही नाही. बाजारात रागाचा उपयोग होतो.

फुटबॉल मला कळत नव्हता. रेल्वेतल्या पोरांचा खेळ, एवढंच माहीत. एकदा एका गिऱ्हाइकाला शोधत मैदानावर गेलो आणि तिथंच थांबलो. गोलमध्ये लतीफ होता, रेल्वेतला फिटर, अंगानं काटकुळा. समोरच्यानं जवळून मारलेला चेंडू वरच्या कोपऱ्यात जात होता. गेलाच, असं मी म्हणालो. आणि हा माणूस उभ्या जागेवरून आडवा झाला — हवेत — आणि चेंडू त्याच्या हातात होता. बैलाची ताकद मी पाहिली होती, घोड्याची पाहिली होती. माणसाचं शरीर असं काही करू शकतं, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. त्या दिवसापासून एकही सामना सोडला नाही. क्लबची गॅलरी बांधायची ठरली तेव्हा वरचे सगळे पत्रे मी दिले. सागवानी खांब आणि तुळया वर्गणीतून आल्या. एवढी देखणी गॅलरी आमच्या भागात दुसरी नव्हती.

त्याच गॅलरीत, पहिल्याच स्पर्धेच्या अंतिम सामन्याला, मी पुढच्या सोफ्यावर बसलो होतो. क्लबचे अध्यक्ष वकील होते. त्यांनी खांद्यावर दोन बोटं टेकवली आणि म्हणाले, "सुपडू, ही जागा पाहुण्यांची आहे. तू मागं बस ना." बस. एवढंच. वर माझेच पत्रे होते. मी उठलो, मागं जाऊन उभा राहिलो आणि सामना पाहिला. पण ती दोन बोटं — तुम्हाला क्षुल्लक वाटेल. मला ती अजून खांद्यावर जाणवतात.

क्लब अडचणीत आला तो करमणूक करामुळं. तिकीट लावून सामने भरवले की प्रत्येक तिकिटामागं सरकारला कर द्यावा लागतो. वकिलांच्या समितीनं तो वर्षानुवर्षं भरलाच नाही. सिनेमाला कर लागतो, खेळाला कसला, असं ते म्हणत. कायदा शिकलेला माणूस, काय बोलणार? शेवटी नोटीस आली. कर, आणि त्यावर जवळजवळ तेवढाच दंड. समिती बरखास्त झाली आणि प्रशासक नेमले गेले — बाविस्कर साहेब, धुळ्याचे, सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले. धुळ्याच्या गाडीनं यायचे, हातात पिशवी, पिशवीत डबा. क्लबचा चहासुद्धा घ्यायचे नाहीत. कुणीतरी त्यांना सांगितलं की घासाघीस करायला सुपडूसारखा माणूस नाही. ते माझ्या दुकानावर स्वतः आले.

"सुपडूभाऊ," ते म्हणाले, "मला भाव करता येत नाही. तुम्ही सोबत चला."

भाऊ म्हणाले. वकिलांकडून ते कधी ऐकलं नव्हतं.

जळगावच्या कचेरीत मी सुरुवातीलाच चढ्या आवाजात गेलो. निम्म्यावर आणायचं, मग पाव दंडावर तोडायचं, असा माझा हिशेब. अधिकारी शांतपणे म्हणाला, "बाहेर बाजार भरतो तिकडे जा. इथं ओरडायचं नाही." मी उठणार होतो. साहेबांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि बोलायला लागले. काय बोलले? सगळं खरं. चूक क्लबची आहे, कराचा पैसा लोकांनी दिला होता, तो तुमच्याकडे यायलाच हवा होता. कर पुरा भरू. दंड भरला तर मैदान जाईल, पोरं खेळायची थांबतील. मी आयुष्यभर पत्ते झाकून खेळलेला माणूस. या माणसानं सगळे पत्ते उताणे टाकले होते. मला वाटलं, संपलं. आणि अधिकारी म्हणाला, "कर एकरकमी, मार्चअखेरच्या आत. मग दंड माफ होईल असं मी बघतो."

परतताना गाडीत मी त्यांच्याकडं चोरून बघत होतो. देवळात बघतो तसं.

आता कराची रक्कम उभी करायची होती. गॅलरी विकायची, असं साहेबांनी ठरवलं. गॅलरी गेली तरी मैदान राहील, लोक उभ्यानं बघतील. त्यांनी रीतसर लिलाव लावला, पण गावातले व्यापारी आपसांत ठरवून आले आणि मातीच्या भावानं बोली लावून गेले. तेव्हा मीच म्हणालो, की साहेब, मोठा माल उघड्यावर बोलून विकत नसतात. रुमालाखाली विकतात.

आमच्या बाजारात ही पद्धत. दलाल विकणाऱ्याच्या हातावर रुमाल टाकतो, खाली बोटं दाबून आकडा कळतो. मग तोच रुमाल घेणाऱ्याच्या हातावर. दोघांचे आकडे फक्त दलालाला माहीत. आकडे जमले तर तो मोठ्यानं भाव सांगतो. जमले नाहीत तर "नाही बसत" म्हणतो आणि रुमाल झटकतो. आत काय झालं ते कुणी कुणाला विचारायचं नाही, सांगायचं नाही. म्हणजे सगळा खेळ दलालाच्या इमानावर. हे मी साहेबांना नीट समजावलं. कागदावर जगलेला माणूस. मला वाटलं नाही म्हणतील. ते म्हणाले, "सौदा झाला की कागद मी करून घेईन. पण हात कसा धरायचा ते दाखवा. माझी नाडी आजवर फक्त डॉक्टरनं धरलीय."

घेणारे नाना शिंदखेड्याचे, जिनिंगचे मालक. त्यांना नव्या गोदामासाठी सागवान हवं होतं. रविवारी सकाळी सगळे मैदानावर जमलो. पोरं सराव करत होती, लतीफ त्यांना ओरडत होता. वकीलही आले होते, नुसतेच बघायला. नाना एकेका खांबावर नखानं टकटक करत, सगळं सागवान आतून भरीव आहे का ते बघत फिरले.

"सुपडू, हाई बठ्ठं सागवान शे ना? मझार पोकळ निंघनं ते तुले धरसू."

"धरा नाना. पोकळ निघालं तर मला उभा करा खांबाच्या जागी."

एका बोटाचे दहा हजार, असं ठरलं. साहेबांच्या हातावर रुमाल टाकला. कोरडा, स्थिर हात. त्यांनी माझी तीन बोटं दाबली. तीनमध्ये कर फिटत होता, वर थोडेच उरत होते. त्यांनी एक पैसा जास्त मागितला नाही. मग नानांकडं गेलो. रुमाल टाकला, आणि नानांनी न थांबता चार बोटं दाबली.

चार. क्लब वाचला होता. त्या क्षणी हे जगात एकट्या मला माहीत होतं. माझ्या अंगावर काटा आला, खोटं सांगत नाही. पोरं चेंडूमागं धावत होती आणि त्यांना ठाऊक नव्हतं.

तेवढ्यात मागून वकिलांचा आवाज आला. आजूबाजूच्यांना ऐकू जाईल असा. "बघा, रुमालाखाली काय काय चालतं. यात दलालाला किती सुटणार, ते कोण मोजणार?"

या सौद्यात मी दलाली घेणार नव्हतो. साहेबांना तसं सांगितलं होतं. पण ते वकिलांना सांगायला माझी जीभ वळली नाही. डोक्यात रक्त चढलं. मी रुमाल झटकला आणि म्हणालो, "नाही बसत."

इथपर्यंत तुम्ही म्हणाल, राग होता. मीही बरीच वर्षं स्वतःला तेच म्हणत आलो. पण गोष्ट इथं संपत नाही.

साहेब मला बाजूला घेऊन गेले. "किती अंतर राहिलं? सांगायचं नसतं, माहीत आहे मला. पण मी खाली येऊ शकत नाही. खाली आलो तर करच फिटत नाही."

मी म्हणालो, "नाना अडीचच्या वर येत नाहीत."

ते म्हणाले, "मग अडीचला देऊ, वरचं अर्धं बोट मी घालतो. पेन्शनचे आहेत थोडे. कुणाला सांगू नका. विचारा त्यांना."

कोण होता हा माणूस? ना या गावचा, ना कधी चेंडूला पाय लावलेला. माझा राग केव्हाच उतरला होता. माझ्यासमोर दार सताड उघडं होतं — नानांकडं जायचं, परत यायचं आणि सांगायचं, नाना वर आले, तुमचे पैसे राहू द्या. कुणाला काही कळलं नसतं. मी नानांकडं गेलो. नाना हळूच म्हणाले, "तुन्हा साहेब भलता ताठ दिखस. चार बी कमी पडनात का?" मी हो म्हणून मान हलवली. परत आलो. आणि साहेबांना सांगितलं, "आता अडीचलाही नाही म्हणतात."

का? थंड डोक्यानं, का? कारण मला वकील हवे होते. वकिलांनी माझ्या दुकानाची पायरी चढावी, सुपडूभाऊ म्हणावं, क्लब वाचवा म्हणावं. मग मी शिंदखेड्याला जाऊन सौदा परत जुळवणार होतो. मार्च संपायला अजून वेळ होता. चांगला भाव येईपर्यंत माल धरून ठेवायचा, हेच तर मी आयुष्यभर केलं होतं. तो रविवार मी धरून ठेवला.

वकील आले नाहीत. त्यांना क्लबची एवढी पडलेलीच नव्हती. मी रोज दुकानात रस्त्याकडं तोंड करून बसायचो. शेवटी धीर सुटला आणि शिंदखेड्याला गेलो, तर नानांच्या गोदामावर दुसरीकडून घेतलेल्या लाकडाच्या तुळया चढत होत्या.

मार्च संपला. दंड कायम झाला. जप्ती आली, गॅलरी कवडीमोलानं गेली, उरलेल्या देण्यापायी मैदानाचा भाडेपट्टा रद्द झाला. क्लब मोडला. लतीफ बदली मागून निघून गेला. जाताना भेटायला आला तेव्हा मी घरात असूनही घरी नाही म्हणून सांगायला लावलं.

गावात दोष कुणाला मिळाला? धुळ्याच्या साहेबानं हट्टानं चढा भाव मागितला म्हणून सौदा मोडला — वकिलांनी हे चौकात सांगितलं. मग कुणी म्हणालं, त्यानं पैसे खाल्ले. साहेब हिशेब द्यायला शेवटचे आले त्या दिवशी स्टेशनवर माणसं जमली होती. मीही होतो, मागं. साहेब धुळ्याच्या गाडीत बसले होते, तेव्हा कुणीतरी खिडकीतून एक फाटका फुटबॉल त्यांच्या अंगावर फेकला.

"किती मागितलं होतं, ते तरी सांगून जा!"

तीन. एवढंच म्हणायचं होतं त्यांनी. तीन म्हणाले असते, तर ते नानांच्या कानावर गेलं असतं, नाना म्हणाले असते की मी चार दिले होते, आणि मी उघडा पडलो असतो. साहेबांनी तो चेंडू उचलून मांडीवर ठेवला. त्यांची नजर माणसांतून फिरली आणि माझ्यावर थांबली. "सांगायचं नसतं," ते म्हणाले. साध्या आवाजात. पद्धत त्यांना मी शिकवली होती आणि ते ती पाळत होते. शिव्या खात पाळत होते. ज्या इमानावर मी पोट भरलं, ते इमान मी पहिल्यांदा पाहिलं ते त्या खिडकीत. त्यांना माझं कळलं होतं का? ठाऊक नाही. गाडी हलली आणि मी तोंडातून अक्षर काढलं नाही.

ते आता हयात नाहीत. नाना नाहीत, वकीलही नाहीत. पण चाळीसगावात जुनी माणसं बसली आणि फुटबॉलचा विषय निघाला की अजून कुणीतरी म्हणतं, धुळ्याच्या साहेबानं क्लब खाल्ला. मी तिथं बसलेलो असतो. ऐकून घेतो.

ते वाक्य ज्यांनी ज्यांनी म्हटलं, त्यांनी ते यापुढं म्हणू नये. म्हणायचं असेल तर माझ्या दारात येऊन म्हणा, आणि त्यात माझं नाव घाला. सुपडू तोताराम महाजन. जाब द्यायचा तो या माणसानं.