वैजनाथने लपवलेलं दुखणं

हदगाव तालुक्यातल्या एका खेड्यातल्या वैजनाथला सैन्यात जायचं होतं. लेखी परीक्षेत तो पास झाला, मैदानातही तो पहिल्या घोळक्यात पळत आला. अडला तो वैद्यकीय तपासणीत. डॉक्टरांनी उभं केलं, खोकायला लावलं, डाव्या अंडकोषाच्या वर चाचपलं आणि कागदावर 'व्हेरिकोसील' असं लिहिलं.

"शिरा फुगल्यात. ऑपरेशन करून ये, पुन्हा बघतील," एवढं बोलून त्यांनी पुढच्याला हाक मारली.

तिथं जडपणा असायचा हे वैजनाथला माहीत होतं. पळण्याचा ताण असेल म्हणून त्यानं सोडून दिलं होतं. आता मोबाइलवर त्यानं तो शब्द शोधला आणि त्याच्याशेजारी 'वंध्यत्व' वाचलं. मग ऑपरेशनचं नावच काढलं नाही. गावात कळलं तर लोक काय म्हणतील, याची त्याला जास्त भीती वाटली.

आईला, कोंडाबाईला, त्यानं सांगितलं, "छाती कमी भरली."

त्या दिवसापासून ती त्याला रोज दूध आणि उकडलेली अंडी देऊ लागली. तो मान खाली घालून खायचा. असं करता करता भरतीचं वय निघून गेलं. हदगावात भरतीची तयारी करणाऱ्या पोरांना तो मैदानावर शिकवू लागला.

पुढे हिमायतनगरच्या ऋतुजाचं स्थळ आलं. पाहण्याच्या दिवशी दोघांना बोलायला गच्चीवर पाठवलं, तेव्हा त्यानं आधी तेच सांगितलं.

"मी सैन्यात छातीमुळं लागलो न्हाई असं घरी सांगितलंय. ते खरं न्हाई." मग त्यानं सगळं सांगितलं. "मूल होईल का, मला ठाऊक न्हाई. तुमचा नकार असंल तर मी तो माझ्यावर घेतो."

ऋतुजानं विचारलं, "दुखतं का?"

हे त्याला आजवर कुणी विचारलं नव्हतं. "लई वेळ उभं राहिलं की जड पडतं."

"मग दवाखान्यात का गेला न्हाईत?"

"गावात कळंल म्हणून," तो म्हणाला.

"आधी जाऊन या," ती म्हणाली. "लग्नाचं मग बघू."

नांदेडच्या डॉक्टरांनी सोनोग्राफी केली, वीर्य तपासायला सांगितलं. डावा अंडकोष उजव्यापेक्षा लहान झाला होता. शुक्राणू कमी होते, जे होते तेही मंद. वैजनाथनं हळूच मर्दानगीचं विचारलं.

"त्याचा याच्याशी संबंध नाही," डॉक्टर म्हणाले. "वर जायचं रक्त या शिरांत खालीच साचतं. त्याची ऊब अंडकोषाला सोसत नाही. हे पुष्कळांना असतं, आणि त्यातल्या बऱ्याच जणांना मुलंही होतात. तुम्हाला दुखतंय, रिपोर्टही कमी आलाय, म्हणून ऑपरेशन करू. सुधारणा व्हावी, पण हमी देत नाही."

ऑपरेशनच्या आधी त्यानं आईला खरं सांगितलं. कोंडाबाई उसळली.

"मग मी एवढे दिवस दूध पाजून राहिले, ते कशाला? एका शब्दानं बोलला असता तर आज वर्दीत असता."

पण दवाखान्यात ती खाटेजवळून हलली नाही. फोनवर नातेवाइकांनी विचारलं तेव्हा तिनं सरळ सांगितलं, "शिरेचं ऑपरेशन हाय. डॉक्टर करून राहिले. बरा होईल."

दुखणं गेलं. काही महिन्यांनी पुन्हा तपासलं, तेव्हा शुक्राणू वाढले होते. लहान झालेला अंडकोष मात्र तसाच राहिला. दोन्ही रिपोर्ट घेऊन तो हिमायतनगरला गेला. ऋतुजानं ते वाचले आणि होकार दिला.

लग्नाला आता दोन वर्षं होत आली. मूल अजून नाही. एका बारशाला चुलत सासूनं ऋतुजाला बाजूला घेऊन विचारलं, "तुझ्यात काही दोष हाय का गं?"

"आम्ही दोघंही डॉक्टरकडं जातो, काकी," ती म्हणाली. "दोघांची तपासणी चालू हाय."

पंगतीत वाढणाऱ्या वैजनाथनं ते ऐकलं. त्याला वाईट वाटलं, पण लाज वाटली नाही.

मैदानावर नवी पोरं आली की पहिल्या दिवशी तो पळण्याआधी या दुखण्याबद्दल बोलतो. कुठं चाचपायचं, जड वाटलं तर कुणाला दाखवायचं, हे अवयवाचं नाव घेऊन सांगतो. पोरं एकमेकांकडे बघून हसतात. त्यांचं हसू ओसरेपर्यंत तो थांबतो आणि पुन्हा पहिल्यापासून सांगतो.