कुलर, कॅलेंडर आणि देवरावजींचं घर

घर विकण्या-घेण्याआधी ते तपासून रिपोर्ट द्यायचा, हा माझा धंदा. भिंती ठोकायच्या, गच्चीवर पाणी सोडून बघायचं. पण भिंतींपेक्षा घरमालकच जास्त बोलतात, त्यामुळे रिपोर्टपेक्षा किस्सेच जास्त साठलेत.

*

समुद्रपूरच्या एका खोलीत तीन कॅलेंडरं, तिन्ही जुन्या वर्षांची. एक उचललं, मागे भेग. दुसरं उचललं, मागे भेग. तिसऱ्याकडे हात नेला तसे मालक म्हणाले, "ते राहू द्या साहेब, त्याच्यावर देव हाय."

मी हात जोडले आणि रिपोर्टमध्ये तीन भेगा लिहिल्या.

*

नालवाडीत मेश्राम मॅडम घर शोधत होत्या. शाळेत मुख्याध्यापिका, त्यामुळे खोटं लगेच पकडायच्या. ऐन जानेवारीत पहिलं घर बघायला गेलो तर हॉलमध्ये कुलर सुरू! समोर मालक शाल पांघरून बसलेले. मागची भिंत छतापर्यंत ओली.

"ओल कुलरची हाय," मालक म्हणाले.

"पण थंडीत कुलर काऊन लावला?" मॅडमनी विचारलं.

"मले गरमी लय होते," असं म्हणून ते शिंकले.

*

दुसऱ्या मालकांनी विकायच्या आधीच माझ्याकडून रिपोर्ट करून घेतला होता. शहाणा माणूस, म्हटलं. गच्ची गळते, आधी दुरुस्त करा, मग रिपोर्ट दाखवून भाव मागा, असं मी समजावलं. त्यांनी गच्चीच्या दाराला कुलूप लावलं.

"किल्ली सापडून नाई राह्यली," ते मॅडमना म्हणाले.

"मंग पावसाले बी हे कुलूपच अडवते का?"

*

तिसरं घर देवरावजींचं. ते विकून बाबांना पुण्याच्या फ्लॅटमध्ये न्यायचं मुलाने ठरवलेलं. देवरावजींना जायचंच नव्हतं. "तिथं बाल्कनीत माही खाट मावत नाई," एवढंच ते बोलले. मला वाईट वाटलं.

मग बॅटरी घेऊन तेच माझ्यापुढे निघाले. "ही भेग लिहा. हा नळ ठिबकते, लिहा. या फरशीखाली पोकळ हाय, ठोकून पाहा." मी न विचारलेली मोरीसुद्धा दाखवली. रिपोर्ट चार पानांचा झाला. देवरावजी खुशीत. हे वाचून कोण घर घेतंय!

मेश्राम मॅडमनी चारही पानं वाचली आणि चष्मा काढला. "इतका खरा माणूस मले अख्ख्या नालवाडीत भेटला नाई. घर पक्कं समजा."

मुलाने फोनवरच होकार दिला.

देवरावजी मला फाटकापर्यंत सोडायला आले. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाले, "साहेब, एक नवा रिपोर्ट लिहून देता का? एकबी खोट नसलेला."