बादलीतले बुडबुडे

पाण्याखाली तुम्हाला श्वास पुरवणारं यंत्र शेवटचं कोणी उघडलं, हे तुम्ही कधी विचारलंय का?

मालवणला होडीत बसून मी रेग्युलेटरकडे बघत होते. पाठीवरच्या टाकीतली दाबून भरलेली हवा सौम्य करून तोंडात देणारं हे यंत्र. बादलीत बुडवलेलं असताना त्यातून बुडबुड्यांची बारीक माळ वर येत होती, थांबतच नव्हती. बघता बघता मला वाटलं, कुणाचा तरी खोल हिरव्या पाण्यातला श्वास इथे आधीच सांडून जातोय.

"काल मीच उघडलंय, नवो वायसर घातलंय," आम्हाला पाण्यात नेणारा बाबल म्हणाला. "गोव्याक सर्व्हिसिंगाक धाडूचो म्हटल्यार आठवडो जातलो."

"मग तूच लाव तोंडाक," होडी सांभाळणारी त्याची बहीण म्हणाली. "पावण्यांच्या तोंडात कित्याक घालतस?"

बाबल हसला. माळ मात्र तुटेना.

आपलं काम आपण करावं, हे मी स्वावलंबनावरच्या पत्रकांतून शिकले आणि आजही मानते. स्वतःच्या सायकलवर, पंख्यावर हवे ते प्रयोग करावेत. पण तिथे पाण्याखाली कुणाला ओरडताही येत नाही. दुसऱ्याच्या छातीवर प्रयोग करणं म्हणजे स्वावलंबन नव्हे.

बुडबुडे थांबत नाहीत हे बघून शेवटी बाबलने तो रेग्युलेटर पुसून गोव्याला धाडायच्या पिशवीत टाकला. बादलीतलं पाणी हळूहळू स्थिर झालं, त्यात आभाळ दिसू लागलं.

तुम्ही पाण्यात उतरायला जाल तेव्हा हे यंत्र शेवटचं कोणी उघडलं, तेवढं विचारा. उत्तर मिळेपर्यंत तोंड उघडू नका, असं मी एरवी कुणालाच सांगणार नाही. पण तिथे रेग्युलेटर घ्यायला तोंड उघडू नका.