आभाराचा फोन

आधीच सांगतो, मी अमावस्या-पौर्णिमा पाळणारा माणूस नाही. रस्त्यात लिंबू-मिरची पडलेली दिसली तर लिंबू रसाचं आहे का बघेन, असा माझा स्वभाव. इथे लोक घाटातल्या बाईचे, पिंपळाखालच्या सावलीचे अनुभव लिहितात, ते मी सकाळच्या चहाबरोबर वाचतो आणि मनातल्या मनात हसतो. माझ्या अनुभवात घाट नाही, पिंपळ नाही. सगळं भर उजेडात घडलं आणि ते वाचून कोणाला भीती वाटेल असं मला वाटत नाही. मलाही वाटली नव्हती. वाईट मात्र फार वाटलं... आणि ते अजून वाटतं.

मी मूळचा लोणी काळभोरचा. नव्वदच्या दशकात पुण्यात कर्णबधिर मुलांच्या एका संस्थेत नोकरीला लागलो. शाळा आणि वसतिगृह वाघोलीला, ऑफिस मंडईजवळ एका जुन्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर. देणगीदारांची माहिती कॉम्प्युटरवर ठेवायची – नाव, पत्ता, फोन, देणगी कधी आली, पावती गेली का – हे माझं काम. पुढे त्याला 'डोनर डेटा अँड फंडरेझिंग सपोर्ट' असं भारदस्त नाव मिळालं. तेव्हा मी नुसता 'ते कॉम्प्युटरवाले' होतो.

शोभना माझ्या समोरच्या टेबलावर बसायची. अमरावतीकडची मुलगी, शिकायला म्हणून पुण्यात आलेली. देणगी जमा झाली की मी नावं काढून द्यायची आणि तिने सकाळी त्या लोकांना फोन करून आभार मानायचे, अशी पद्धत होती. ही कल्पना बाईंची. बाई म्हणजे आमच्या संचालिका, निवृत्त मुख्याध्यापिका. फोनवर काय बोलायचं ते मी लिहून दिलं होतं – 'आपल्या बहुमोल सहकार्याबद्दल संस्था आपली ऋणी आहे.' शोभना 'बहुमोल'पर्यंत कशीबशी गंभीर राहायची आणि 'ऋणी'ला तिला हसू फुटायचं. रोज. प्रत्येक फोनला. पलीकडचा माणूसही हसायचा आणि मग गप्पा सुरू व्हायच्या – गुडघे, सुना, नळाला पाणी आलं का. फोनचं बिल वाढतंय अशी मी बाईंकडे तक्रार केली. पुढच्या वर्षी आम्ही लग्न केलं.

एक नियम मात्र माझा होता. घरातल्या कोणाशीही बोलणं झालं की आभार पोचले असं धरायचं, पुन्हा फोन करायचा नाही. लोकांना उगाच त्रास नको. शोभनाला ते पटायचं नाही. "अहो, ज्याने दिलं त्याच्याशी नको का बोलायला?" म्हणायची. पण नियम पाळायची.

ऑफिसात ती अगदी पुणेरी बोलायची. घरी काळजी वाटली किंवा लाड आले की तिच्या तोंडून 'काहून' बाहेर पडायचं. 'का' असं विचारायचीच नाही कधी. काहून जेवले नाही, काहून उशीर केला. माझी आई तिला चिडवायची, "आलं बघ हिचं काहून!" दोघींचं चांगलं जमायचं.

केतकी झाली. ती धड उभीसुद्धा राहत नव्हती तेव्हा शोभनाला ताप आला. तो डोक्यात गेला, असं डॉक्टर म्हणाले. आठवड्याभरात सगळं संपलं.

फोटो होते आमच्याकडे, लग्नाचा अख्खा अल्बम होता. आवाज नव्हता. घरात टेपरेकॉर्डर होता, पण रोज समोर बोलणाऱ्या माणसाचा आवाज कोण कशाला भरून ठेवेल? वर्षभराने माझ्या लक्षात आलं की तो मला नीट आठवत नाहीये. तिचे शब्द आठवायचे, पण ते माझ्याच आवाजात. माणूस गेल्याचं दुःख मी कसंतरी सोसलं. हे दुसऱ्यांदा जाणं मात्र मला सोसेना.

ऑफिसात तिचं टेबल रिकामंच राहिलं. बाईंनी आभाराचे फोन बंद केले, छापील पत्रं जाऊ लागली. मी लिहून दिलेला तो कागदही कधीच कचऱ्यात गेला.

चारेक वर्षं गेली. पुण्यात तोवर सॉफ्टवेअर कंपन्या आल्या होत्या आणि पगारातून दरमहा थोडी देणगी देणारी तरुण मंडळी आमच्याकडे येऊ लागली होती. त्यातला एक मुलगा एकदा पावती घ्यायला आला. जाता जाता म्हणाला, "सर, तुमच्याकडच्या मॅडम एकदम स्वीट आहेत हं. इतकं फॉर्मल बोलायला लागल्या की मला वाटलं, चुकून कोर्टातून फोन आला! आणि मग 'ऋणी आहे' म्हणाल्या आणि स्वतःच हसल्या."

मी म्हटलं, "आमच्याकडून फोन जात नाहीत."

"कालच आला ना, सर."

त्याला पुण्यात येऊन वर्षही झालं नव्हतं. शोभनाचं नावही त्याला माहीत असण्याचं कारण नव्हतं. मी स्वतःची समजूत घातली की दुसऱ्या कुठल्या तरी संस्थेचा फोन असेल. मग सहकारनगरच्या एक आजी आल्या. त्याही नव्याच देणगीदार. म्हणाल्या, "त्या फोनवाल्या बाईंना जरा बोलवा. माझ्या गुडघ्याची इतकी चौकशी घरातसुद्धा कोणी करत नाही." मी त्यांना चहा दिला आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडलो.

जमली तेवढी चौकशी केली. ऑफिसात फोन एकच, तोही माझ्याच टेबलावर. लोकल फोनचा तपशील तेव्हा बिलात येत नसे. बाईंना विचारलं, तर "रजा घ्या थोडी," म्हणाल्या.

भीती नव्हती, पण राग आला होता. खरंच सांगतो. सगळ्या पुण्याला फोन करते, अनोळखी पोरांशी हसते, आणि मला नाही? मग डोक्यात प्रकाश पडला – मी देणगीदार कुठे होतो? तिला फोन करायला जी नावं मिळायची, ती मीच काढून द्यायचो. त्यात माझं नाव कधीच नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी मी स्वतःच्या नावाने देणगी भरली. बाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "पगार पुरत नाही म्हणून परवा अर्ज दिलात आणि आज देणगी? छान. अर्ज मी फाडून टाकते." मी टेबलाशी गेलो. कॉम्प्युटरवर माझं नाव टाकलं, पत्ता टाकला, घरचा फोन नंबर दोनदा तपासून टाकला.

आणि रजा घेऊन घरी बसलो. ती सकाळीच फोन करायची, म्हणून मी सकाळी फोनजवळून हलायचोच नाही. दाढीसुद्धा तिथेच आरसा ठेवून. काय बोलायचं ते ठरवलं होतं... काहीच बोलायचं नव्हतं, फक्त ऐकायचं होतं. फोन वाजला की पहिल्याच रिंगला उचलायचो. एकदा इन्शुरन्सवाला निघाला. एकदा राँग नंबर, त्याला मी इतकं झापलं की आई म्हणाली, "आरं, त्याची काय चूक हाय?"

रविवारी घरात भाजीचं एक पान नव्हतं. रविवारी ऑफिस बंद, म्हणजे फोनही नाही, असा मी हिशोब केला. मेल्यावरही साप्ताहिक सुट्टी असते असं मी का धरलं, देव जाणे. पिशवी घेऊन मंडईत गेलो. आई गच्चीत गहू वाळत घालत होती. घरात केतकी एकटीच होती.

परत आलो तर ती दारातच उभी.

"पप्पा, एका मावशींचा फोन आला होता."

पिशवी माझ्या हातातून सुटली. जिन्यावरून टोमॅटो गडगडत खाली गेले, ते वेचायला केतकी धावली. मी तिचा हात धरून ठेवला.

"काय म्हणाल्या?"

"पप्पांनी शाळेला पैसे दिले म्हणून थँक यू. खूप अवघड अवघड बोलल्या आणि मग हसल्या."

"मी येतोय असं नाही का सांगितलंस? थांबा म्हणायचं होतंस!"

"म्हटलं ना मी! पप्पा येतीलच, थांबा म्हटलं. तर म्हणाल्या, नको, तूच बोल." मग तिला एकदम आठवलं. "पप्पा, काहून म्हणजे काय?"

मी तिथेच पायरीवर बसलो.

"मी पळत येऊन फोन घेतला ना, तर मला दम लागला होता. मावशी म्हणाल्या, काहून धावून राहिली एवढी? पडशील ना."

शोभना गेल्यापासून आमच्या घरात हा शब्द कोणीही उच्चारला नव्हता. ना मी, ना आई.

"अजून काय बोलल्या?"

"विचारलं, जेवलीस का, वेणी कोण घालतं. मी म्हटलं आजी. मग मी त्यांना दोनचा पाढा म्हणून दाखवला. अख्खा. पण त्यांनी शाब्बास नाही म्हटलं. काहीच नाही बोलल्या. मी खूप वेळ हॅलो हॅलो केलं."

गच्चीवरून आई आली. मी तिला सांगितलं. ती पदर तोंडात धरून केतकीची सुटलेली वेणी पुन्हा घालायला बसली. तेवढी एकच वेणी तिने दोनदा उलगडली आणि दोनदा घातली.

पुन्हा फोन आला नाही. मी महिनाभर वाट पाहिली. पुढच्या वर्षी पुन्हा देणगी भरली, त्याच्या पुढच्या वर्षीही. बाकीच्या देणगीदारांनाही नंतर कधी तो फोन गेल्याचं कोणी बोललं नाही. घरातल्या कोणाशीही बोलणं झालं की आभार पोचले... माझाच नियम. पण खरं सांगू? मला आता वाटतं, तिला मी हवाच नव्हतो. मी घरात असेपर्यंत फोन मीच उचलला असता.

हे सगळं कसं झालं, मला माहीत नाही. कोणाला काही सुचत असेल तर सांगा. फक्त 'भास झाला असेल' असं सांगू नका. भास व्हायला मी घरी तरी असायला हवा होतो.

केतकी आता मोठी झाली, हिंजवडीला नोकरी करते. मागच्या दिवाळीत जुना अल्बम बघत होती. म्हणाली, "पप्पा, आईचा आवाज कुठेच रेकॉर्ड केलेला नाही का हो? एकदा तरी ऐकायला मिळायला हवा होता."

मी विचारलं, "लहानपणी एकदा एका मावशींचा फोन आला होता. त्यांना तू पाढा म्हणून दाखवला होतास... आठवतं?"

तिने थोडा विचार केला. "नाही हो. कोण होत्या?"

मी म्हटलं, "संस्थेतल्या होत्या," आणि अल्बमचं पान उलटलं.