मी सांगितलेली इंग्लिश मालिका

हे मी नवऱ्यालाही कधी सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतेय — मलाच ठाऊक नाही. पण आज सांगणार.

नव्वदचं दशक संपत आलेलं. जुन्नरला कॉलेजसाठी मी आणि हिरा एका खोलीत राहायचो. मी राजुरीची, बागायतदाराची लेक, पसारा घालणारी, सतत बडबडणारी. हिरा डिंभ्याची — मोजकं बोलणारी, माझीसुद्धा ओढणी घडी घालून ठेवणारी. घरमालकीण शेठाणीकाकूंकडे केबल होती. शनिवारी दुपारी त्यावर एक विलायती विनोदी मालिका लागायची. एका फ्लॅटमध्ये राहणाऱ्या, अजिबात न पटणाऱ्या दोन मुली! काकू म्हणायच्या, या तर तुम्हीच दोघी.

इंग्लिशमध्ये हुशार म्हणून अर्थ सांगायचं काम माझ्याकडे. आळीतल्या बायका जमायच्या. खरं सांगू? मला त्यातलं ओ की ठो कळायचं नाही. टीव्हीत हशा पिकला की मी काहीतरी ठोकून द्यायचे — आणि बायका हसून लोळायच्या! काय नशा होती ती! आठवडाभर मी शनिवारचीच वाट बघायचे.

एका शनिवारी काही सुचेचना. सगळ्या माझ्या तोंडाकडे बघतायत... आणि मी म्हणाले, "ती सांगतेय, तिचं एका कंडक्टरवर मन बसलंय. त्याची एसटी मिळावी म्हणून ती आधीची गाडी सोडून देते."

हे हिराचं होतं. फक्त मला सांगितलेलं.

केवढा हशा! मीही हसले — हो, तिच्याकडे बघून. हिरा लालबुंद झाली. काकूंनी तिला स्टँडवर आलेली गाडी सोडून देताना पाहिलं होतं. त्यांच्या लगेच ध्यानात आलं. पुढं तिचे वडील भेटायला आले, तेव्हा काकूंनी काळजीपोटी त्यांच्या कानावर घातलं. त्यांनी लगोलग तिचं सामान बांधायला लावलं. कॉलेज सुटलं ते सुटलंच.

निघताना तिनं हळूच विचारलं, "ती बाई खरंच तसं म्हणली व्हती का गं?"

तेव्हा तरी खरं बोलायचं ना मी?

"हो," मी म्हणाले. "खरंच."

तिचा चेहरा उजळला. "म्हंजे तिकडंबी आसतंय आसं. मला उगंच तुझा संशय आला." माझा हात दाबून ती गेली.

पुढच्या शनिवारी बायका जमल्या. मी अर्थ सांगायला बसले — आणि सगळ्या पोट धरून हसल्या.