कानांवरचे हात

एखाद्या मुलाविषयी मोठी माणसं त्याच्यासमोरच बोलायला लागली, की मावशी मागून येऊन त्याच्या दोन्ही कानांवर हात ठेवायच्या. बोटं जुळवून, ओंजळीसारखे. मग म्हणायच्या, "हां, आता बोला. पोरांचं कान कोवलं हाय."

कोवलं म्हणजे कोवळं. मावशी कशेळीच्या. कामतघरच्या ज्या शाळेत मी समुपदेशक म्हणून जायचो, तिथे त्या शिपाई होत्या. मला 'सर' म्हणायच्या आणि त्याच दमात अरेतुरेही करायच्या. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांच्यासमोर आपली पदवी फार टिकत नाही.

मोबाइलवरच्या खेळांचं वेड कोणाचं हाताबाहेर गेलंय, ते शोधायचं माझं काम. पहिली ते चौथी, दहा प्रश्न, उत्तर हो किंवा नाही. पहिल्याच दिवशी चहा देताना मावशींनी फॉर्म उचलला.

"फोन काढून घेतला तर राग येतो?"

"नाही," मी म्हणालो.

"लपून खेलतोस?"

"छे."

तेवढ्यात माझ्या खिशात फटाफट फुगे फुटल्याचा आवाज झाला. शाळेच्या फाटकापर्यंत खेळत आलो होतो, खेळ बंद करायचा राहिला होता. मावशींनी कप ठेवला. "पोरं तरी खरं सांगतान का बघ," म्हणाल्या आणि गेल्या.

एकीनं सांगितलं. तिसरीतली, खिडकीशी बसणारी. बाकीची पोरं माझ्याच जातकुळीतली. प्रश्न संपायच्या आत "नाय सर". हिनं आधी विचारलं, "कोणाला सांगणार नाही ना?" मी म्हटलं, अजिबात नाही. मग दहापैकी आठ वेळा 'हो'. बाबा कापडाच्या लूमवरची रात्रपाळी करून सकाळी झोपले, की त्यांचा फोन ती गोधडीत नेऊन खेळायची.

पुढच्या शनिवारी पालकसभा होती. मुलंही बसली होती. भाषण करणं हा माझा जुना आजार. त्याच्यासाठी अजून कोणी फॉर्म काढलेला नाही. नाव गुप्त ठेवायचं, हे मला पक्कं ठाऊक होतं. म्हणून नाव न घेता मी म्हणालो, "तिसरीतली, खिडकीशी बसणारी एक मुलगी..." आणि पार गोधडीपर्यंत रंगवून सांगितलं. लोक हसले. मी खूश.

मग सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. मावशी दारातून धावल्या, पण त्यांचे हात तिच्या कानांपर्यंत पोचले तेव्हा माझं सांगून झालं होतं. वडील उठले. शर्टावर कापसाची भुरी तशीच होती. "चल," एवढंच म्हणाले आणि तिला मनगटाला धरून घेऊन गेले.

"तिच्या भल्यासाठीच बोललो, मावशी."

"असंल. पन ती आता तुला खरं नाय सांगायची."

दिवाळीनंतर दुसरी फेरी. तिचं दहाही वेळा "नाय सर", माझ्याकडे न बघता. काय झालंय ते मला कळत होतं. तरी अहवालात मी 'लक्षणीय सुधारणा' असं लिहिलं. ऑफिसात कौतुक झालं, आणि त्याचे पेढे मी शाळेत नेले. हो, नेले.

मावशींनी पेढा घेतला, पण खाल्ला नाही. "तिला सॉरी बोल्लास?"

"बोलतो."

त्यानंतर दोनदा विचारलं त्यांनी. दोन्ही वेळा मी "बोलतो" म्हणालो. उन्हाळ्यात त्या निवृत्त झाल्या. विचारणारं कोणी उरलं नाही.

जूनमध्ये शाळेत गेलो तर दाराशी मावशींचं स्टूल रिकामं. चौथीच्या वर्गात ती खिडकीशीच बसली होती. फॉर्म मी पिशवीतच ठेवला, तिच्या बाकाशी उकिडवा बसलो. "बाळा, मागच्या वर्षी मी..."

तिनं पेन्सिल खाली ठेवली आणि स्वतःचे हात स्वतःच्या कानांवर ठेवले. बोटं जुळवून, ओंजळीसारखे.